शेवटच्या बॅचचे मफिन

वेंडेल मिल्स, न्यू हॅम्पशायर
१२ मार्च १९९४

श्रीमती व्हर्ना हॅडली यांस,

तुमचं पत्र मिळालं. ‘जुन्या घराचा दिवस’ यंदाही ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आहे. सकाळची न्याहारी यंदाही बंबखान्याच्या हॉलमध्ये आहे आणि न्याहारी समितीची अध्यक्ष यंदाही मीच आहे. तुम्ही विचारलंत, ‘मी आले तर नेहमीसारखी तव्यापाशी उभी राहू का?’ समितीच्या वतीने कळवते की नाही.

आता ‘तुम्ही’ पुरे झालं. पूर्ण पत्र असं लिहायला बसले तर माझा हात आखडेल. ‘तू’ म्हणते, पण त्यावरून भलता अर्थ काढू नकोस.

गाव सोडून गेलेल्यांना वर्षातून एकदा परत बोलवायचं, त्यासाठीच हा दिवस असतो, असं तू लिहिलंस. मला शिकवू नकोस. त्या दिवसाची पत्रकं कोणाकोणाला पाठवायची ते मीच ठरवते. माझा धाकटा दीर फ्लोरिडाला गेला, त्याला पत्रक जातं. तुरुंगात जाऊन आलेल्या त्या पेंटरलासुद्धा जातं. पण गाव सोडून जाणं वेगळं आणि गावाचा कारखाना बरोबर घेऊन जाणं वेगळं. पर्ली कंपनीने तवे उचलून ट्रकवर चढवले. ते कंपनीचे होते, त्यांनी नेले. पण ते चालवायचे कसे, पीठ किती सैल ठेवायचं, तव्यावर पावासारखा फुगलेला चपटा मफिन उलटायचा कधी, हे टेनेसीच्या लोकांना कोणी शिकवलं? इथे बेकार बसलेली माणसं रोज सकाळी हाच प्रश्न विचारतात. मी नुसती ऐकते.

आणि वर तू लिहितेस, ‘मफिन तोच आहे, क्लॉडेट, एकदा खाऊन बघ.’ मला खाऊन बघायची गरज नाही. तू तव्यापाशी होतीस तेव्हा मी शेवटच्या टेबलावर होते. तुझ्या तव्यावरून आलेल्या प्रत्येक ट्रेमधला एक मफिन काट्याने उघडायचा, वास घ्यायचा, तुकडा तोंडात टाकायचा, मग ट्रे पुढे सोडायचा की बाजूला काढायचा ते ठरवायचं. माझा शब्द शेवटचा असायचा. मॅनेजरने एकदाच मधे तोंड घातलं होतं, पुन्हा नाही घातलं. टेनेसीचं पाणी वेगळं, हवा वेगळी, हात वेगळे. मफिन तोच कसा असेल?

आमच्याकडे खरा मफिन आहे. शेवटच्या दिवशी कंपनीने सगळ्यांना हवी तेवढी खोकी नेऊ दिली, ते तुला आठवत असेलच. आज गावात असं घर नाही जिथल्या फ्रीझरमध्ये शेवटची बॅच नाही. नाताळला काढतात, ईस्टरला काढतात, कोणाचं बारसं असलं की काढतात. आमची खोकी माझ्या नवऱ्याने, आर्मांदने मारलेल्या हरणाखाली नीट रचून ठेवलेली आहेत. यंदाच्या न्याहारीला घराघरातून थोडे थोडे गोळा करून तेच मफिन वाढायचे, असा ठराव समितीने केला आहे. ठराव मीच मांडला.

घराचं विचारलंस. तुझ्या पायऱ्यांवरचा बर्फ कोणीतरी काढतं, एवढं मला माहीत आहे.

क्लॉडेट फूर्निये
अध्यक्ष, न्याहारी समिती


१७ एप्रिल १९९४

व्हर्ना,

‘शेवटची बॅच सणाला खाता, मग रोज काय खाता?’ असं तू खवचटपणे विचारलंस. सांगते. तुझ्यामुळे मी एक कामच काढलं. हॉलिसच्या दुकानात मिळतात ते सगळे मफिन आणले, टेबलावर मांडले आणि आर्मांदला समोर बसवून एकेकाचा निकाल लावला. पर्ली त्यात नव्हता. हॉलिस तो ठेवत नाही, ठेवला तर त्याच्या दुकानात कोणी पाऊल टाकणार नाही.

सगळ्यात स्वस्त तो घाऊक व्यापाऱ्याच्या स्वतःच्या छापाचा. तो कारखान्यातच सुरीने कापून येतो. मफिन आणि सुरी, व्हर्ना. आतून इतका गुळगुळीत की बटर मुरायला जागाच नाही. ते वर तरंगतं आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. मी अर्धा खाल्ला आणि उरलेल्याने ताटली पुसली, त्याला मात्र तो चांगला आहे. मग बोस्टनच्या बेकरीचा, निळ्या पाकिटातला. याला भोकं आहेत, खाली मक्याचा रवा आहे, काट्याने उघडतोही बरा. पण गोड. पावच गोड असेल तर जॅमने काय करायचं? व्हरमाँटहून एक येतो, कोंड्याचा, तब्येतीसाठी. दोन घास खाल्ले की आपल्या हातून काय पाप घडलं असावं असा विचार येतो. मनुका घातलेला मी मोजतच नाही, तो मफिन नव्हे.

आर्मांदला आवडला तो कॅलिफोर्नियाचा, आंबवलेल्या पिठाचा. इतका आंबट की डोळे मिटतात. ‘याला चव आहे,’ असं म्हणून त्याने तीन खाल्ले. ज्या माणसाला सकाळची कॉफी दुपारी पुन्हा उकळून आवडते त्याच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते मला इतक्या वर्षांत समजलंय. भाजण्यावरूनही आमचं जुंपलं. त्याला नुसता कोमट झालेला हवा. मला दोनदा भाजलेला हवा, कडा करपायच्या बेतात आलेला, आणि बटर लावून वर चिमूटभर मीठ. तू तर टोस्टरला दाखवायचीसच नाहीस. तव्यावरून काढायचीस आणि उभ्या उभ्या तसाच खायचीस, हात पोळत. मी ओरडायचे.

सध्या आम्ही बोस्टनचा खातो आणि जॅम खात नाही.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘डोळ्यांवर पट्टी बांधून खा आणि मग बोल.’ ठीक आहे. कालच्या सभेत मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांसमोर पैज मांडली. पाच बशा ठेवायच्या. नाव कशावर नाही, बशीखाली नुसता आकडा. त्यात एक तुझ्या टेनेसीचा, एक आपल्या शेवटच्या बॅचचा, बाकी तीन बाजारचे. मी सगळे खाऊन सगळ्यात चांगला कुठला ते सांगेन. तो तुझा निघाला तर तू ऑगस्टमध्ये ये, तव्यापाशी उभी राहा, गावातलं कोणी एक अक्षर बोलणार नाही. नाही निघाला, तर हा विषय संपला. यंदाही विचारायचं नाही आणि पुढेही नाही.

मला हरायची भीती नाही. तुला वाटत असेल तर आताच कळव.

क्लॉडेट


२२ मे १९९४

व्हर्ना,

तू ‘कबूल’ एवढा एकच शब्द पाठवलास, तो समितीला वाचून दाखवला. जूनच्या दुसऱ्या शनिवारी परीक्षा ठेवली आहे. भाजायचं काम फादर लेजे करणार. त्यांनी मला बजावलं की चर्चमध्ये पैज लावता येणार नाही, म्हणून हे बंबखान्यात. ‘बंबखान्यात मी पाद्री नाही, गिऱ्हाईक आहे,’ असं म्हणाले. सगळे सारखेच भाजायचे आणि बटर कशालाही लावायचं नाही, हे त्यांनी मान्य केलं. बटर लावलं की वाईट मफिनही चांगला वागायला लागतो.

टेनेसीचा मफिन आणायचा कोणी यावर मात्र सगळे छताकडे बघायला लागले. शेवटी आर्मांद उठला. काँकर्डला जाऊन मोठ्या बाजारातून पर्लीचं पाकीट घेऊन आला आणि येताना ते सीटखाली दडवून वर कोट टाकला. गावात शिरताना पोलिसाने हात केला तर याने आधी तो कोट आणखी खाली ओढला. त्या बिचाऱ्याला फक्त मासे कुठे लागतायत ते विचारायचं होतं.

बेव्हर्ली स्टॅक आठवते ना, पिठाच्या मापावर होती ती. ती आता रोज बसने लांबच्या गावी हॉटेलातल्या चादरी धुवायला जाते, त्यामुळे तिची जीभ आणखी धारदार झाली आहे. सभा संपल्यावर मला दाराशी गाठून म्हणाली, “तू मुद्दाम हरशील, क्लॉडेट. तुला ती परत हवीच आहे.”

मी म्हटलं, “माझी जीभ कोणाची मैत्रीण नाही.”

“जीभ नसेल,” ती म्हणाली आणि बसला निघून गेली.

मला त्याचा राग आला आणि अजून आहे. माझ्या निवाड्यावर आजवर कोणी संशय घेतलेला नाही. तुझ्याच तव्यावरचे ट्रे मी बाजूला काढत होते आणि तू माझ्याशी दुपारपर्यंत बोलत नव्हतीस, ते काय मैत्री नव्हती म्हणून? त्यामुळे तुलाही आधीच सांगते, त्या दिवशी माझ्याकडून कसलीही मेहरबानी होणार नाही. शेवटची बॅच मी चवीने ओळखेन आणि तिचंच नाव घेईन. तिकीट काढून ठेवलं असशील तर परत कर.

तिथे शेजारच्या बाईने तुला अजून एकदाही घरात बोलावलेलं नाही असं तू लिहिलंस. जेवणाच्या सुट्टीतही एकटीच बसतेस म्हणालीस. ते वाचून मला बरं वाटलं असं समजू नकोस. मला बरं वाटलं नाही.

तुझ्या मागच्या दारापाशी लायलॅक फुललाय. मी तिथून जात होते म्हणून दिसला.

क्लॉडेट


१३ जून १९९४

व्हर्ने,

हे आधी सांगते, मी चुकले नाही. आता बाकीचं वाच.

बंबखाना भरला होता. मासे सोडून माणसं आली होती. हॉलिसने दुकान बंद करून पाटी लावली आणि त्याच्याच दुकानातल्या टॉवेलने माझे डोळे बांधले, इतके घट्ट की दुसऱ्या दिवशीपर्यंत कपाळावर वळ होता. फादर भाजून देत गेले, आर्मांद बशी माझ्या हातात देत गेला.

पहिली बशी मी नुसती हाताने चाचपली आणि म्हटलं, सुरीने कापलेला, स्वस्तातला, घेऊन जा. लोक हसले. दुसरी बोस्टनची, गोड, तीही लगेच सांगितली. चौथी कॅलिफोर्निया, ती तर वासावरच. इथपर्यंत मी जोरात होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तिसरीचं आता सांगते, मुद्दाम मागे ठेवलं. हातात घेतल्याबरोबर मी गप्प झाले. कडा मऊ, दाबल्या की परत वर येणाऱ्या. काट्याने टोचला तर आपणहून उघडला. भोकं खोल, एकसारखी नाहीत, कारण पीठ कागदावर लिहिलंय त्यापेक्षा सैल ठेवलेलं. खालचा मक्याचा रवा किंचित जास्त लागलेला, कारण उलटायला एक श्वास उशीर केलेला. मी तो अख्खा खाल्ला, जे परीक्षेत करायचं नसतं. मग उभी राहिले आणि भाषण केलं. भाषण, व्हर्ने, माझं तुला माहीत आहे. म्हटलं, ही आपली शेवटची बॅच. हा वेंडेल मिल्सचा मफिन. यात आपलं पाणी आहे, आपले हात आहेत, हा जगात दुसरीकडे कुठे होऊ शकत नाही आणि कंपनीने कितीही तवे उचलून नेले तरी हे त्यांना नेता आलं नाही. बायका रडल्या. बेव्हर्लीही नाक पुसत होती, असं आर्मांद म्हणतो.

पाचवी बशी उरली होती, म्हणून नुसती रीत पाळायला चाखली. ती मी थुंकली. म्हटलं, हा टेनेसीचा, आणि हा मेलेल्या हरणाखाली ठेवला होता की काय? तेव्हाही लोक हसले.

फादरनी बशा उलट्या केल्या. तिसरी टेनेसीची. पाचवी शेवटच्या बॅचची, आमच्याच फ्रीझरमधली, खरोखरच हरणाखाली ठेवलेली.

मग बेव्हर्ली उठली. तिने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आकडे बदलले असतील. भाजताना घोटाळा झाला असेल. हो की नाही, फादर?” आणि सगळा हॉल एकदम बोलायला लागला, हो, घोटाळा झाला असेल, टोस्टर एकच होता, गर्दी होती. हॉलिस म्हणाला पुन्हा केव्हातरी करू. ते मला वाचवत होते. माझ्या तोंडून एक ‘हो’ गेलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. फादर माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, “आकडे बरोबर आहेत. माझी जीभही बरोबर आहे. दीड वर्षं आपण सगळे फ्रीझरचा वास खातोय आणि एकमेकांना वा वा म्हणतोय, ते चूक आहे.”

मग मागून म्हाताऱ्या पेल्टियेने हात वर केला आणि म्हणाला, आमच्याकडच्याला माशाचा वास येतो, पण बायको म्हणाली गप्प बस. त्यानंतर एकेक जण बोलायला लागला. घरोघरी तेच होतं. सणाला काढायचे, देवाचं नाव घेऊन गिळायचे आणि असा मफिन पुन्हा होणार नाही म्हणून उसासे टाकायचे. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाने खोकी परसात रिकामी केली. आर्मांद म्हणतो, कावळ्यांनीसुद्धा आधी विचार केला.

सोमवारी, म्हणजे आज, हॉलिसने पर्लीची मागणी नोंदवली. न्याहारीला तोच तव्यावर गरम करून वाढायचा असं समितीने ठरवलं.

तर तू पैज जिंकलीस आणि मी शब्दाला जागले. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तवा तुझा. एप्रनची नाडी तुटली होती ती मी शिवून ठेवली आहे. उतरायला आमच्याकडेच ये, तुझं घर हवेशीर करायला वेळ लागेल. म्हणजे मी मधूनमधून खिडक्या उघडते, पण गाद्यांना ऊन दाखवायला हवं.

क्लॉडेट


१० जुलै १९९४

व्हर्ने,

हे काय लिहिलंस? सगळं गाव तयार केलं, पेल्टियेने तुझ्यासाठी तव्याखालची शेगडी दुरुस्त केली आणि तू लिहितेस, ‘मी येत नाही.’

पत्र आर्मांदलाही वाचून दाखवलं, म्हटलं तो तुला नावं ठेवेल. त्याने ठेवली नाहीत. चष्मा काढून म्हणाला, “बरोबर बोलली ती.” आणि बाहेर जाऊन गवत कापत बसला, कालच कापलेलं.

म्हणून पुन्हा वाचलं. ‘मी तुला मफिन कसा आहे ते विचारलं नव्हतं, क्लॉडेट. मी येऊ का, असं विचारलं होतं. पाचवी बशी चांगली लागली असती तर तू मला कायमचं नाही म्हणणार होतीस. माझ्या येण्याचा निकाल बशीवर लागणार असेल तर मला यायचं नाही.’ तू कधी एवढं लांब बोलत नाहीस. तव्यापाशी दिवसभर उभी असायचीस आणि मानेने हो-नाही करायचीस.

मी उत्तर लिहायला चार वेळा बसले. पहिल्या तीन वेळी मी माझीच बाजू मांडली आणि ती चांगली मांडली होती. गावाला पटेल असं कारण लागत होतं, नुसतं ‘येऊ दे’ म्हटलं असतं तर बेव्हर्लीने हॉल डोक्यावर घेतला असता, पैज लावली म्हणून तर दार उघडलं, वगैरे. हे सगळं खरं आहे. फाडून टाकलं, कारण तू विचारलंस त्याचं उत्तर त्यात नव्हतं.

तू त्यांना तवा शिकवलास याचा मला राग नव्हता. कोणीतरी शिकवलंच असतं, आणि वाईट शिकवलं असतं. ज्यांना राग आहे त्यांच्या रागामागे मी उभी राहिले, कारण माझा राग सांगायला मला लाज वाटत होती. कंपनीने टेनेसीला जाणाऱ्यांची नावं दारावर लावली, ती बाकीच्यांबरोबर उभी राहून मी वाचली. तुझं नाव तिथे वाचलं. सकाळी तू माझ्या शेजारी कॉफी प्यायली होतीस. डबा उघडून माझ्या सँडविचमधली काकडी काढून खाल्ली होतीस. आणि बोलली नाहीस. इतकी वर्षं तुझा प्रत्येक ट्रे माझ्या हातातून गेला आणि ही एक गोष्ट मला दारावर वाचावी लागली. मग तू ट्रकच्या मागोमाग गेलीस तेव्हा मी पडद्याआडून बघत होते आणि बाहेर आले नाही. तू दोनदा हॉर्न वाजवलास. मी ऐकला.

तू तेव्हा का बोलली नाहीस ते मी विचारणार नाही. बोलली असतीस तर मी तुला जाऊ दिलं नसतं, हे तुला माहीत होतं आणि मलाही. तुझ्या नवऱ्याच्या आजारपणाने घर खालपर्यंत पोखरलं होतं, तुला पगार हवा होता. हे तेव्हाही कळत होतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, उशिरा का होईना. पाचवी बशी चांगली लागली असती तर मी नाही म्हटलं असतं. आणि मग हिवाळाभर तुझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढत स्वतःला शिव्या दिल्या असत्या. बर्फ मीच काढते, तुला कळलंच असेल.

ये, व्हर्ने. पैज विसर. तव्यापाशी उभी राहू नकोस वाटलं तर. नुसती ये.

क्लॉडेट


१२ ऑगस्ट १९९४

व्हर्ने,

तुझं उत्तर आलं नाही. महिनाभर मी पोस्टमनला रस्त्यातच गाठायचे. आता तो मला बघून लांबूनच मान हलवतो.

रागावलेलं माणूस पत्राने हलत नाही, हे आता मला पटलं. मी स्वतः तशीच आहे. तू मार्चमध्ये किती चांगलं पत्र लिहिलं होतंस आणि मी त्याला समितीच्या वतीने उत्तर दिलं.

काल सभेत मी अध्यक्षपद सोडलं. न्याहारी यंदा बेव्हर्ली बघेल. तिने विचारलं, “जुन्या घराच्या दिवशी तू गावात नाहीस?” मी म्हटलं नाही. का, ते तिने विचारलं नाही. जरा वेळाने म्हणाली, “तिला सांग, पीठ सैल ठेवायचं म्हणजे किती ते मला अजून कळलेलं नाही. इथे असताना कधी सांगितलं नाही तिने.” तिला हे सांगणं किती जड गेलं असेल ते तू ओळखशील. तिने तुला माफ केलंय असं मी म्हणत नाही. पण तवा हातात घेतला की तुझं नाव निघणारच, हे तिला कळलंय.

आम्ही गुरुवारी बसने निघतो. आर्मांदने गाडीने जाऊ म्हटलं, पण इतक्या लांब त्याच्या शेजारी बसून त्याचं गाडी चालवणं सोसायचं म्हणजे पोचेपर्यंत आमचंच बोलणं बंद होईल. शनिवारी सकाळी तुझ्या गावी उतरू. त्या वेळी इथे बंबखान्याचं दार उघडत असेल, बँड वाजत असेल आणि बाहेरगावाहून आलेले लोक एकमेकांच्या गळ्यात पडत असतील. इतक्या वर्षांत मी त्या दिवशी कधी दुसरीकडे नव्हते. गेलेल्यांनी परत यायचं आणि आपण दारात उभं राहून त्यांना आत घ्यायचं, एवढंच मला माहीत. कोणाच्या दारात जाऊन उभं राहायची मला सवय नाही. आर्मांद म्हणतो, शीक.

बरोबर काही आणत नाही. खायला काय करायचं याचा विचार करू नकोस, जे घरात असेल ते खाऊ, आणि कसं झालंय ते मी बोलणार नाही. निदान पहिल्या दिवशी.

मला घरात घेशील का, हे या पत्रात विचारत नाही. पत्रात विचारलं की माणूस पत्रातच नाही म्हणून मोकळं होतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. तुझ्यासमोर उभी राहून विचारेन.

क्लॉडेट